साखर ५२ वरून ११० झाली म्हणजे हायपो संपला असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे, मधुमेह १९ वर्षांचा. रात्री बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू लागू पडणारं इन्सुलिन, सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.३ आली म्हणून घरात सगळे खूश. पण गेल्या महिन्यात साखर चारदा ६० च्या खाली गेली (साखर अशी पडण्यालाच हायपो म्हणतात), एकदा पहाटे ५२. साखर खाल्ली की वीस मिनिटांत बरं वाटतं, त्यामुळे ते स्वतः ‘त्यात काय एवढं’ म्हणून सोडून देतात. नंतर दोन दिवस मात्र अंग मोडून आल्यासारखं असतं. तपासणीत सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची एक खूण, ६ निघाला. साखर उतरल्याने शरीरात दाह वाढतो असं तुमच्या वाचनात आलं आणि तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: हे खरं का, सीआरपी त्यामुळेच वाढला का, दाह कमी करणारं काही औषध द्यावं का, की साखर थोडी चढीच ठेवलेली बरी?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, एका रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही. तिसऱ्याचं नाही. चौथ्याला मी म्हणेन की पकड सैल करा, पण साखर चढी ठेवू नका. या दोन्हींत बराच फरक आहे, त्याकडे येतोच.

आधी ‘दाह’ या शब्दाबद्दल. दवाखान्यात मी हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस पोटावर हात ठेवतो, नाहीतर पायावरची सूज दाखवतो. इथला दाह तसला नाही. तो जळजळत नाही, दुखत नाही, दिसत नाही. जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की शरीराची जी फौज उठते, तीच फौज शत्रू नसताना जागी होऊन रक्तात फिरत राहणं, एवढाच त्याचा अर्थ. रक्तवाहिन्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला या फिरण्याचा त्रास होतो.

साखर उतरल्यावर ही फौज का उठते? निरोगी माणसाची साखर ८० ते ८५ च्या खाली येऊ लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. ६५ ते ७० च्या आसपास ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन ही संप्रेरकं मदतीला येतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि घसरण थांबते. वडिलांच्या बाबतीत पहिली पायरीच निसटलेली आहे. टोचलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही, आणि ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळत राहतं, साखर ५२ असली तरी. इतक्या वर्षांच्या मधुमेहात ग्लुकागॉनचा प्रतिसादही बहुतेकांचा मंदावलेला असतो. उरतं अ‍ॅड्रेनलिन. धडधड, थरथर, घाम, जिवाची घालमेल हे सगळं या गजराचंच रूप.

आता अ‍ॅड्रेनलिन आणखी एक काम करतं, त्याकडे लक्ष द्या. रक्तातल्या सगळ्याच पांढऱ्या पेशी काही सतत वाहत नसतात. बऱ्याचशा रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून किंवा प्लीहेत विसावलेल्या असतात. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की त्या सुटून प्रवाहात येतात. त्यातल्या मोनोसाइट नावाच्या पेशी जास्त तापट होतात, एरवी जेवढ्यास तेवढं वागणाऱ्या पेशी दाह वाढवणारी प्रथिनं जास्त सोडू लागतात. प्लेटलेट चिकट होतात आणि गुठळी विरघळवण्याची शक्ती घटते. रानात जनावर अंगावर आलं असतं तर ही तयारी कामाची होती, जखम होणारच होती. इथे जखम नाही, फक्त साखर कमी आहे. शरीराकडे मात्र धोक्याची घंटा एकच, ती कशासाठीही वाजते.

नेदरलँड्समधल्या नायमेगन इथे राडबाउड विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात हे नीट मोजलं गेलं. सलाइनमधून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी देऊन साखर ठरवून ५० पर्यंत खाली आणायची, तासभर तिथेच धरायची, मग पूर्ववत करायची, आणि पुढचे काही दिवस रक्त तपासत राहायचं. मधुमेह असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे लोक होते. साखर तासाभराने ठीक झाली, तरी दाहाच्या काही खुणा एका आठवड्यापर्यंत रक्तात सापडल्या. हे अभ्यास मोजक्या लोकांवरचे आहेत आणि एका तासाचा घडवून आणलेला हायपो म्हणजे घरातला हायपो नव्हे, हे मान्य. तरी तुमच्या वडिलांचं गणित मांडून बघा. महिन्यात चार हायपो, आणि प्रत्येकाचा पडसाद आठवडाभर. म्हणजे ही फौज बराकीत परतते न परतते तोच पुन्हा घंटा.

याची चुणूक मला फार पूर्वी मिळाली होती, तेव्हा ती कळली नाही. पहाटे एका आजींना बेशुद्धावस्थेत आणलं. साखर ३१. ग्लिबेनक्लामाइडच्या गोळ्या चालू, आदल्या रात्री जेवण जेमतेम. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले, नातवाचं नाव घेतलं. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी १३,४००. ताप नाही, खोकला नाही, लघवी स्वच्छ, छातीचा एक्स-रे साफ. तरी ‘कुठेतरी इन्फेक्शन असणार’ म्हणून माझ्या हाताखालच्या डॉक्टरने सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिहिलं आणि मी सही केली. दुपारी साखर पुन्हा ५८. आज विचाराल तर त्यात दोन चुका दिसतात. पेशी वाढल्या होत्या त्या गजरामुळे, दुसऱ्या दिवशी आपोआप ८,००० वर आल्या. आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिबेनक्लामाइड, तशीच ग्लिमेपिराइड) घेणाऱ्यांची साखर आणखी पाडू शकतात. ५८ चं खापर एकट्या अँटिबायोटिकवर फोडत नाही, ग्लिबेनक्लामाइड तशीही दिवसभर चिकटून बसणारी गोळी आहे. पण हायपोनंतर वाढलेल्या पांढऱ्या पेशी बघून लगेच अँटिबायोटिक लिहायची सवय तेव्हापासून सुटली. उलट बाजूही ध्यानात असते: गंभीर संसर्गात साखर स्वतःच पडू शकते. म्हणून संसर्ग शोधायचा जरूर, पण गृहीत धरायचा नाही.

मग हायपोमुळे हार्ट अटॅक येतो का? इथे मी जरा हात आखडता घेतो. २००८ मध्ये अ‍ॅकॉर्ड या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. टाइप २ मधुमेहाचे १०,२५१ लोक, निम्म्यांचा एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न, निम्म्यांचा ७ ते ७.९ मध्ये ठेवायचा. कडक गटात २५७ मृत्यू झाले, सैल गटात २०३. वैद्यकीय मदत लागावी असे हायपो कडक गटात १०.५ टक्के लोकांना झाले, सैल गटात ३.५ टक्के. बघता क्षणी सगळे म्हणाले, हायपोनेच मारलं. नंतरच्या विश्लेषणात मात्र ते इतकं सरळ निघालं नाही. गंभीर हायपो झालेल्यांना मृत्यूचा धोका दोन्ही गटांत जास्त होता, पण कडक गटातले जादा मृत्यू त्यावरून उलगडले नाहीत. अ‍ॅडव्हान्स या दुसऱ्या चाचणीत, ११,१४० लोकांमध्ये, गंभीर हायपोनंतर हृदयाचे त्रास जास्त दिसले, पण त्याबरोबर श्वसनाचे, पोटाचे, त्वचेचेही आजार जास्त दिसले. हायपोने त्वचेचा आजार कसा होईल? म्हणजे काही अंशी हायपो हा माणूस आतून खंगत चालल्याचा इशारा असतो. दुसरीकडे, साखर पडलेली असताना, विशेषतः रात्री, हृदयाचे ठोके अनियमित होताना नोंदवले गेलेले आहेत, रक्त चिकट होणं मोजलं गेलेलं आहे. माझं मत असं: ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्यासाठी हायपो हा खरा धक्का आहे. इतरांसाठी तो निदान इशारा तरी आहे. दोन्ही बाबतीत करायचं तेच.

आता वडिलांचं ‘त्यात काय एवढं’. मला या उत्तरात सर्वात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटते. मेंदूला वारंवार कमी साखरेची सवय झाली की तो गजर उशिरा वाजवतो. आज ६० ला थरथर जाणवते, काही महिन्यांनी ५० ला, मग थेट बोलणं अडखळायला लागतं आणि घरच्यांनाच आधी कळतं. ५२ ला जर त्यांना नुसती भूक लागल्यासारखं वाटलं असेल, तर गजराची तार सैल झालेली आहे असं धरा. यातली चांगली बातमी म्हणजे दोन-तीन आठवडे एकही हायपो होऊ दिला नाही, तर बऱ्याच जणांचा गजर पुन्हा वेळेवर वाजू लागतो. एकही नाही म्हणजे खरंच एकही नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड आणखी दबते, घाम मात्र सहसा तसाच येतो. सकाळी उशी आणि बनियन ओलं, डोकं जड, वाईट स्वप्नं, असं काही आई सांगत असेल तर पहाटे तीनला एकदा उठवून बोटाला टोचा.

आणि त्या ६.३ वर फार विसंबू नका. एचबीए१सी ही सरासरी आहे. ६.३ म्हणजे सरासरी साखर साधारण १३४. ती १२० ते १५० मध्ये राहूनही येते आणि ५२ व २२० यांच्यात झोके घेऊनही येते. वहीत फक्त सकाळच्या उपाशीपोटीचे आकडे असतील तर दुसरा प्रकार दिसणारच नाही. शक्य असेल तर दोन आठवडे दंडावर साखर सतत मोजणारा सेन्सर लावून घ्या. त्या अहवालात मी सर्वात आधी बघतो तो ७० च्या खालचा वेळ. एरवी ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसाला साधारण एक तास, चालवून घेतात. वयस्कर आणि इतर आजार असलेल्यांसाठी १ टक्का, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटं. एक सूचना: सेन्सरच्या दंडावर झोपलं की दाबामुळे रात्री खोटा कमी आकडा येतो. बोटाच्या थेंबावर खात्री केल्याशिवाय त्या आकड्यावर औषध बदलू नका.

सीआरपी ६ बद्दल थोडक्यात. हृदयाच्या धोक्याचा अंदाज घेताना हा आकडा १ च्या खाली चांगला, ३ च्या वर जास्त मानतात. पण तो हिरड्या सुजल्याने वाढतो, सर्दीने वाढतो, पोटावरच्या चरबीने, सिगारेटने, गुडघ्याच्या दुखण्याने वाढतो. हायपोनेही थोडा वाढू शकतो. कोणामुळे वाढला हे तो सांगत नाही. दोन-तीन आठवडे ताप-सर्दी नसताना आणि हायपो नसताना पुन्हा करा. हिरड्या मात्र दाखवून घ्याच, मधुमेहात तिथला दाह फार दुर्लक्षित राहतो. ते दोन दिवस अंग मोडून येणं दाहामुळे असू शकतं, मोडलेल्या झोपेमुळेही असू शकतं. मी त्याचं मोजमाप करायला जाणार नाही, हायपो थांबल्यावर ते थांबतं का एवढंच बघेन.

दाह कमी करणाऱ्या गोळ्यांचा मोह समजू शकतो, पण इथे एक गंमत आहे. दाहावरची काही औषधं स्वतःच साखर पाडतात. १८७६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एब्स्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेट मधुमेहात वापरून पाहिलं होतं, ते याच गुणासाठी. अ‍ॅस्पिरिन मोठ्या मात्रेत तेच करतं. संधिवातावर दिलं जाणारं हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसुद्धा साखर उतरवतं. म्हणजे हायपोचा दाह घालवायला घेतलेल्या गोळीने पुढचा हायपो. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा, आणि मूत्रपिंड मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, पुन्हा हायपो. दाहाचं एक विशिष्ट प्रथिन रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये पुढचे हृदयविकाराचे प्रसंग कमी झाले, हे २०१७ च्या कँटोस चाचणीत दिसलं. त्यावरून दाह हा खरा खेळाडू आहे हे सिद्ध झालं, पण त्या चाचणीत जिवावरचे जंतुसंसर्गही वाढले, आणि हायपोवर ते काही उत्तर नव्हे. हृदयासाठी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आधीच चालू असेल तर ती घाबरून बंद करू नका, ती वेगळी गोष्ट आहे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, चालू नसेल तर मात्र तो विषय डॉक्टरांकडे काढा.

साखर चढी ठेवावी का, तर नाही. चढलेली साखरही रक्तवाहिन्यांच्या अस्तराला तेवढीच छळते, आणि डोळे-मूत्रपिंड-नसांचं नुकसान तीच करते. पण ६८ वर्षांच्या, एकोणीस वर्षं मधुमेह असलेल्या, इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया दोन्ही घेणाऱ्या माणसाला ६.३ ची गरज नाही. मी ७ ते ७.५ वर समाधानी असतो, हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी सैल. हे साखर वाढवणारं काही खायला घालून करायचं नाही, औषध काढून करायचं.

औषधात पहिला संशय ग्लिमेपिराइडवर. बेसल इन्सुलिन चालू झाल्यावर ही गोळी बहुतेक वेळा कमी करायला हवी असते, पण जुन्या चिठ्ठीवरून नव्या चिठ्ठीवर ती तशीच उतरत जाते. मेटफॉर्मिन एकटं साखर पाडत नाही, त्याला हात लावायची गरज सहसा नसते. ग्लिप्टिन, ग्लिफ्लोझिन, जीएलपी-१ गटातली औषधंही एकटी असताना क्वचितच पाडतात, त्यामुळे पर्याय आहेत. पहाटेचा ५२ मात्र इन्सुलिनच्या मात्रेकडे बोट दाखवतो.

आणि इन्सुलिन टोचायची जागा बघा. अक्षरशः बघा. वडिलांना आडवं झोपवा, बोटांना थोडं साबणाचं पाणी लावा आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंनी पोटावरून हळू फिरवा. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई गेली की कातडीखाली रबरासारखी गाठ होते. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. तिथे सुई दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धं शोषलं जातं, कधी एकदम. साखर चढते, डॉक्टर मात्रा वाढवतात, मग एखाद्या दिवशी सुई गाठीबाहेरच्या ताज्या जागेत जाते आणि तीच वाढलेली मात्रा पूर्ण लागू पडते. ‘काहीच बदललं नाही तरी साखर पडली’ अशा कित्येक तक्रारींचं मूळ मला पोटावरच्या या दोन इंचांत सापडलं आहे. गाठ सापडली तर जागा बदला, पण डॉक्टरांना सांगूनच, कारण जागा बदलताना मात्रा बरीचशी कमी करावी लागते.

आजारपणाचंही लक्षात ठेवा. ताप किंवा संसर्ग असताना शरीरातला दाह साखर चढवतो, म्हणून इन्सुलिन वाढवलं जातं. स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. आजार उतरला, स्टेरॉइड थांबलं, पण वाढवलेली मात्रा कमी करायची राहून गेली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हायपो ठरलेला.

हायपो झालाच तर: ७० च्या खाली आकडा, शुद्ध आहे, गिळता येतं, तर १५ ग्रॅम ग्लुकोज. पाण्यात विरघळवलेली पावडर किंवा गोळ्या. साधी साखर असेल तर तीन-चार चमचे. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर पोहोचायला उशीर करते. वडिलांना व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. मग काहीतरी खाऊ द्या आणि तासाभराने आणखी एकदा टोचा, कारण ग्लिमेपिराइडचा हायपो परत येतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन घरात असेल तर द्यायचं आणि थेट रुग्णालय. तिथे शुद्धीवर आल्यावर ‘आता बरे आहेत’ म्हणून लगेच घरी आणू नका, सल्फोनिलयुरियावर असलेल्या माणसाला दिवसभर तरी नजरेखाली ठेवावं लागतं. ते गाडी चालवत असतील तर साखर ९० च्या वर येऊन पाऊण तास झाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

वहीत एक रकाना वाढवा: हायपो किती वाजता, आकडा किती, काय जाणवलं, आधीच्या चार तासांत काय झालं होतं. जेवण चुकलं, जास्त चालले, नवीन गोळी सुरू झाली, मद्य घेतलं, काहीही.

तुमच्या प्रश्नात एक आकडा नाही, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा. या वयात आणि इतक्या वर्षांच्या मधुमेहात, औषधं तीच असताना अचानक हायपो वाढले तर मी सर्वात आधी मूत्रपिंड तपासतो. गेल्या सहा महिन्यांतले दोन क्रिएटिनिन आणि त्याबरोबर छापून येणारा ईजीएफआर कळवा. ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज) ६० च्या खाली घसरत असेल तर ग्लिमेपिराइडबाबत पुढच्या तारखेची वाट पाहू नका, उद्याच डॉक्टरांना फोन करा.